एकाच नावाच्या दोन सीडी म्हणजे दोन नग नव्हेत

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,
आपले सार्वजनिक वाचनालय,
छत्रपती संभाजीनगर

स.न.वि.वि.

मागच्या मंगळवारी आपल्या सूचना फलकावर, अभ्यासिकेच्या वेळापत्रकाच्या खाली, एक कागद लागला. ‘श्राव्य विभागातील एकाच शीर्षकाच्या एकाहून अधिक सीडींपैकी सर्वात नवी रीमास्टर्ड आवृत्ती ठेवून उर्वरित १४३ नगांचे निर्लेखन करण्याचे मंडळाने ठरविले आहे.’ खाली सही आणि शिक्का. मी आत गेलो तर त्या १४३ सीडी दोन पोत्यांत भरून, सुतळीनं तोंड बांधून, पाण्याच्या जारशेजारी उभ्या केलेल्या दिसल्या. भंगारवाला पंधरा दिवसांत येणार, असं शिपाईमामांनी सांगितलं.

त्याच दिवशी मी एक पानी अर्ज आवक टेबलावर दिला. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे.

आधी मी कोण ते सांगतो. पैठण गेटजवळच्या एका बोळात मी पस्तीस वर्षं टेप-रेडिओ दुरुस्त केले. शिक्षण आयटीआयपर्यंत. इंग्रजी गाण्यातले निम्मे शब्द मला आजही लागत नाहीत. तरी ज्या सरांनी ह्या ६१२ सीडी आपल्याला दिल्या, त्यांचा मी गिऱ्हाईक-दुकानदार ह्या नात्यानं सुरू झालेला आणि शेवटी शेवटी घरचाच झालेला माणूस. सर रसायनशास्त्र शिकवायचे. तरुणपणी दोन वर्षं इंग्लंडला होते, तिथून येताना लोक जे आणतात ते न आणता त्यांनी सीडी प्लेअर आणला.

१९८८ च्या उन्हाळ्यात तो प्लेअर बंद पडला आणि ते माझ्या दुकानात आले. मी तोवर सीडी प्लेअर उघडलेला नव्हता. घाबरतच उघडला. लेन्सवर आपल्या इथली धूळ बसली होती, बाकी काही नाही. कापूस, स्पिरिट, पाच मिनिटांचं काम. चालतो का बघायला सरांनी पिंक फ्लॉइड ह्या इंग्रजी रॉक बँडची ‘डार्क साइड ऑफ द मून’ लावली. ही रेकॉर्ड १९७३ ची. माझ्याकडे तिची कॅसेटवरून कॅसेटवर उतरवलेली तिसरी की चौथी नक्कल होती आणि ती मला तोंडपाठ आहे असा माझा समज होता. प्लेअर फिरायला लागला आणि काहीच ऐकू येईना. मी वायर हलवली. सर म्हणाले, “हात लावू नकोस, थांब.” मग फार लांबून, अंधारातून कुणी येत असावं तसा, छातीचा ठोका ऐकू आला. एक, मग दुसरा. वाढत वाढत जवळ.

माझ्या कॅसेटवर ही सुरुवात नव्हतीच. टेपच्या सूं आवाजात ती बुडून गेली होती. हळू आवाज हासुद्धा गाण्याचा भाग असतो आणि तो नसला तर मोठ्या आवाजाला अर्थ राहत नाही, हे मला त्या दुपारी कळलं. त्याच रेकॉर्डवर पुढे ‘टाइम’ नावाचं गाणं आहे. त्याच्या आरंभी घड्याळं एकदम वाजतात; ॲलन पार्सन्स ह्या ध्वनिमुद्रकानं ती जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन टिपली होती. त्या दिवशी ती वाजली तेव्हा माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला. आज आपल्या श्राव्य कक्षातल्या संगणकावर तीच घड्याळं लावून बघा. कुणी दचकत नाही. का, ते पुढे येईल.

आता मूळ मुद्दा. मंडळाच्या कागदात ‘एकाच शीर्षकाच्या’ असे शब्द आहेत. शीर्षक एक, म्हणून वस्तू एक, असं आपण धरलं. तिथेच सगळं चुकलं.

बँडनं वाजवलं, मिक्सिंग झालं, म्हणजे वेगवेगळी टिपलेली वाद्यं आणि गळे एकत्र जुळवले, आणि दोन ट्रॅक पाव इंची टेपवर उतरले. त्या टेपवरून सीडी काढताना एक माणूस बसतो आणि ठरवतो: टेप मूळची घ्यायची की नकलेची नक्कल, ट्रेबल किती ठेवायचा, बेस किती, आवाज कुठवर चढवायचा. ह्याला मास्टरिंग म्हणतात. १९८४ ला एकानं एक ठरवलं, १९९४ ला दुसऱ्यानं दुसरं, २०११ ला तिसऱ्यानं तिसरं. मुखपृष्ठ तेच, गाण्यांचा क्रम तोच, आत ऐकू येणारी गोष्ट निराळी.

वाचनालयाच्या माणसांना हे पुस्तकाच्या भाषेत सांगितलं तर लवकर पटेल. इथून पन्नास किलोमीटरवर पैठणला नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. पुढे १९०९ साली राजवाड्यांनी नाथपूर्व म्हणून एक जुनी पोथी छापली आणि दोन पाठ शेजारी ठेवून वाचायची सोय झाली. नाथांची शुद्ध प्रत आली, आता जुन्या पोथ्या तराजूत घाला, असं मधल्या तीनशे वर्षांत सगळ्यांनीच ठरवलं असतं तर? ज्ञानेश्वरी आणि रॉक एका तागडीत घालतो म्हणून कुणी रागावू नये. तागडी एकच आहे, पाठभेदाची. संपादक कितीही थोर असला तरी आधीची प्रत जपूनच ठेवायची असते, हे आपण ग्रंथांच्या बाबतीत पाळतो आणि सीडीच्या बाबतीत विसरलो.

‘रीमास्टर्ड’ म्हणजे सुधारलेली, हा दुसरा समज. सीडी १९८२ मध्ये जपानात पहिल्यांदा विक्रीला आली. तिच्यात सर्वात हळू आणि सर्वात मोठा आवाज ह्यांच्यामध्ये साधारण ९६ डेसिबलची जागा असते. वर छप्पर पक्कं आहे, शून्य डेसिबल. त्याच्यापुढे एक दाणासुद्धा जात नाही. सुरुवातीची मंडळी त्या छपराखाली मोकळी जागा सोडून काम करायची. ढोलावर टिपरी बसली की आवाज उसळून वर जायचा आणि लगेच खाली यायचा. नव्वदच्या दशकात संगणकावर चालणारे लिमिटर आले. वेव्हज कंपनीचा एल-वन १९९४ चा. त्यांनी काय करता येतं? उसळणारी टोकं कापायची आणि मग उरलेलं सगळं उचलून छपराला टेकवायचं. सीडी लावली की लगेच दणका. आपली सीडी शेजाऱ्याच्या सीडीपेक्षा मोठ्यानं वाजली पाहिजे, अशी चढाओढ लागली आणि जुन्या रेकॉर्डी नव्यानं काढतानाही तोच हात फिरला.

माझं गाव गेवराई तालुक्यात. वेचणी झाल्यावर कापूस घरात पसरलेला असतो तेव्हा त्यात लहान पोरं उड्या मारतात, हात कोपरापर्यंत आत जातो. तोच कापूस जिनिंगला गेला, सरकी निघाली, प्रेसखाली १७० किलोची गाठ बांधली की तिच्यात बोट घालून दाखवावं. रुई तीच, वाहतुकीला सोयीची. पण तिच्यावर कुणाला झोप लागत नाही. दाबलेल्या मास्टरिंगची सीडी ही अशी गाठ आहे.

मग लोकांना ती आवडते कशी? ह्याचं उत्तर मी सरांकडून फसवला जाऊन शिकलो. एकदा त्यांनी मला पाठमोरं बसवलं आणि म्हणाले, दोन वेगवेगळ्या सीडी लावतो, बरी कोणती ते सांग. मी ऐकलं आणि छातीठोकपणे सांगितलं: दुसरी. गाणाऱ्याचा आवाज मोकळा आहे, बेस भरीव आहे, झांजा स्वच्छ आहेत. पुष्कळ बोललो. सर हसले. दोन्ही वेळा सीडी एकच होती. दुसऱ्या वेळी त्यांनी व्हॉल्यूमचं बटण केसभर पुढे सरकवलं होतं. कानाचा दोष नाही. हळू आवाजात माणसाच्या कानाला बेस आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात; आवाज थोडा चढला की ते भरून आल्यासारखे वाटतात. एक डेसिबलचा फरकसुद्धा ‘मोठा’ म्हणून कळत नाही, ‘चांगला’ म्हणून कळतो. मी धंद्यानं कानाचा माणूस, तरी फसलो. तेव्हापासून मी दोन सीडींची तुलना करायची तर आधी दोघींची सरासरी पातळी मोजतो आणि मोठीचा आवाज उतरवून लहानीबरोबर आणतो. मंडळानं नवी सीडी बरी ठरवताना हे केलं होतं का, असा माझा साधा प्रश्न आहे. उत्तर मला माहीत आहे. कक्षातले दोन हेडफोन माझ्याच हातून दुरुस्त झालेले आहेत आणि ते ठराव झाला त्या आठवड्यात माझ्याच दुकानात होते.

मी ही तुलना केली आहे, वाचनालयाच्याच सीडींवर, रीतसर पावती करून. लेड झेपलिनचा नाव नसलेला चौथा अल्बम, १९७१ चा. आपल्याकडे तो तीनदा आहे: ऐंशीच्या दशकातली पहिली सीडी, नव्वदच्या दशकात बँडचा गिटारवाला जिमी पेज यानं स्वतः, मास्टरिंग करणाऱ्या जॉर्ज मॅरिनोला बरोबर घेऊन केलेली, आणि २०१४ ची. शेवटचं गाणं ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’. त्यातला ड्रम हॅम्पशरमधल्या एका जुन्या घरात जिन्याच्या तळाशी ठेवून, माइक वर टांगून मुद्रित केला आहे. म्हणजे ड्रमबरोबर तो जिनाही वाजतो. पातळी सारखी करून ऐकल्यावर माझ्या कानाला असं वाटलं: पहिलीत जिना सर्वात उंच आहे, गिटार मात्र जरा पडद्याआडून येते. मधलीत गिटार पुढे आली, झांजांना धार आली, रात्री फार वेळ ऐकवत नाही. २०१४ चीत बेस सर्वात चांगला, एकेक वाद्य वेगळं दिसतं, आणि तिला मोठेपणाचा सोस असला तरी ती आवरली आहे. मला विचाराल तर मी ड्रमसाठी पहिली ठेवीन. सरांचा कौल २०१४ च्या बाजूनं होता आणि त्यावर आमचं शेवटचं भांडण झालं. तिन्ही सीडी हाताशी होत्या म्हणून भांडता आलं. आता त्यातल्या दोन पोत्यात आहेत.

आवाज दाबणं हेच पाप, असंही मी म्हणत नाही. त्याच गाण्यातला ड्रम मुद्रित करतानाच कॉम्प्रेसरमधून मुद्दाम जोरात दाबलेला आहे, म्हणून तो तसा श्वास टाकल्यासारखा वाजतो. ते वाजवणाऱ्यांनी आणि मुद्रित करणाऱ्यांनी त्या वेळी ठरवलेलं होतं. चाळीस वर्षांनी सगळ्या गाण्यावर सरसकट वरवंटा फिरवणं वेगळं.

नवं ते वाईट असाही माझा हेका नाही. जेथ्रो टलच्या ‘ॲक्वालंग’ची जुनी सीडी मळकट वाजायची, २०११ मध्ये स्टीव्हन विल्सननं मूळ ट्रॅकवरून पुन्हा मिक्स केली तेव्हा काच पुसल्यासारखं झालं. रोलिंग स्टोन्सच्या साठच्या दशकातल्या रेकॉर्डी २००२ मध्ये बॉब लुडविगच्या हातून आल्या, त्याही जुन्यांपेक्षा उजव्या. तिथे मंडळाचा नियम चुकून बरोबर ठरतो. नियमाच्या नशिबावर संग्रह चालवता येत नाही, एवढंच.

आणि कधी कधी तो नियम केवढा घात करतो ते बघा. ऑझी ऑस्बोर्नचे पहिले दोन अल्बम, ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ आणि ‘डायरी ऑफ अ मॅडमन’, १९८० आणि १९८१ चे. बेसवर बॉब डेझली, ड्रमवर ली कर्स्लेक. २००२ मध्ये हे अल्बम नव्यानं बाजारात आले तेव्हा ह्या दोघांचं वाजवणं काढून टाकून दुसऱ्या दोन वादकांकडून ते भाग पुन्हा वाजवून घेतले आणि मूळ गिटारखाली जोडले. २०११ साली मूळचं परत आणावं लागलं. ज्ञानेश्वरीत आपली ओवी घुसवणारा अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवतो, अशा अर्थाचं नाथांनी बजावून ठेवलं आहे. ही ती नरोटी. आपल्या संग्रहात ह्या दोन्ही अल्बमांच्या ऐंशीच्या दशकातल्या आणि २००२ च्या, अशाच सीडी आहेत. ‘सर्वात नवी ठेवायची’ हा नियम लावून आपल्या लिपिकानं इमानेइतबारे नरोटी कपाटात ठेवली आणि ताट पोत्यात टाकलं. त्या पोराची चूक नाही. त्याला दिलेला नियमच तसा आहे.

झेडझेड टॉपचं उलटं झालं. त्यांच्या सत्तरच्या दशकातल्या रेकॉर्डी १९८७ च्या सुमारास सीडीवर आल्या त्याच ऐंशीच्या दशकातल्या झगमगाटी ड्रमचा मुलामा देऊन. मूळचा मिक्स सीडीवर यायला पुढे बरीच वर्षं लागली. बीटल्सच्या ‘हेल्प!’ आणि ‘रबर सोल’ ह्यांची गोष्ट आणखी गुंत्याची. १९८७ च्या सीडीसाठी त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी त्या नव्यानं मिक्स केल्या आणि २००९ ची स्टीरिओ सीडीही त्याच मिक्सवरून निघाली. १९६५ चा मूळ स्टीरिओ मिक्स हवा असेल तर तो २००९ च्या मोनो (एकाच वाहिनीच्या) सीडींच्या पेटीत शोधावा लागतो. ‘रीमास्टर’ आणि ‘रीमिक्स’ ह्यांतला फरक वेष्टणावर बारीक अक्षरात असतो, तोही असला तर.

पहिली तक्रार इथे संपली. ती लांबली, कारण बाकीच्या सगळ्या तिच्या पोटातून आल्या आहेत.

दुसरी तक्रार वेष्टणांची. दोन वर्षांपूर्वी जागा कमी पडते म्हणून सीडींचे डबे आणि आतले कागद काढून टाकले आणि चकत्या प्लास्टिकच्या पाकिटांत घातल्या. त्या कागदांवर सरांच्या पेन्सिलीच्या नोंदी होत्या: कुठली सीडी कुठून घेतली, कुठल्या गाण्यात टेप दबली आहे, कुठे डावं-उजवं उलटं झालं आहे. तीस वर्षांचं ऐकणं होतं ते. रद्दीत गेलं, ते परत येणार नाही, त्यावर मी बोलत नाही. पण चकतीच्या चकाकत्या बाजूला मध्याजवळच्या कड्यावर एक क्रमांक कोरलेला असतो. त्या क्रमांकावरून सीडी कुठल्या कारखान्यात, कुठल्या मास्टरवरून निघाली ते बऱ्याचदा ओळखता येतं. वरच्या छापावर ‘पश्चिम जर्मनी’ असेल तर ती १९९० च्या आधीची किंवा त्याच सुमाराची, हे तर शाळकरी पोरगंही सांगेल. म्हणजे अजूनही नोंद करता येईल. पोती गेल्यावर येणार नाही.

तिसरी तक्रार छोटी आहे. दाखल क्रमांकाचे कागदी गोल सीडीवर चिकटवणं बंद करा. सीडी मिनिटाला २०० ते ५०० फेरे घेते, एका बाजूला कागद चिकटला की ती डगमगते. आणि लोकांना वाटतं तसं सीडीचं मर्म खालच्या चकाकत्या बाजूला नसतं. ॲल्युमिनियमचा थर वरच्या छापाच्या लगेच खाली, पातळ लाखेआड असतो. चिकटवलेला कागद उपटला की तो थरही येतो. अशा चार सीडी मी पाहिल्या; उजेडात धरल्या तर आरपार दिसतं.

चौथी तक्रार संगणकावरच्या प्रतींची. ‘सर्व सीडींचे डिजिटायझेशन झाले आहे, त्यामुळे मूळ चकत्यांची गरज नाही’ असं मंडळाच्या एका सदस्यांनी मला जिन्यात सांगितलं. सीडी स्वतःच डिजिटल असते, हे राहू द्या. झालंय काय, तर सगळं १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीमध्ये उतरवलं आहे. सीडीवर सेकंदाला १४११ किलोबिट असतात. म्हणजे अकरा वाट्यांतली एक वाटी ठेवली. दोन गाणी जिथे एकमेकांत मिसळतात तिथे मध्ये गप्प फट पडली आहे. ‘सर्व गाणी एकसारख्या आवाजात’ असा पर्याय निवडल्यामुळे हळूवार गाणंही दणक्याच्या गाण्याइतकं चढलं आहे. ठोका आणि घड्याळं एकाच मापाची झाली. शिवाय त्या संगणकावर बेस बूस्टही, म्हणजे खालचे स्वर फुगवणारं बटण, चालू ठेवलेला आहे. घड्याळांनी कुणी दचकत नाही ते ह्यामुळे.

ह्यात एक बारकावा असा आहे की तो न कळल्याबद्दल मी कुणाला दोष देणार नाही. सुरुवातीच्या काही सीडींवर, विशेषतः जपानी, वरचे स्वर मुद्दाम वाढवून लिहिलेले असतात. प्लेअर तशी खूण वाचतो आणि वाजवताना ते पूर्ववत करतो. संगणकावर उतरवताना ही खूण दुर्लक्षिली गेली तर वाढवलेलं तसंच राहतं, अगदी वरच्या स्वरांत दहा डेसिबलच्या आसपास. मग ऐकणारा म्हणतो, ‘जुन्या सीडी किती कर्कश!’ आपल्या अभिप्राय वहीत हे वाक्य दोनदा आहे. निर्लेखनाच्या ठरावात त्याचा आधार घेतला गेला असेल तर मला वाईट वाटेल.

पाचवी: विचारलं नाही. सभासदांना नाही, सरांच्या मुलीला नाही.

‘आता सगळं मोबाइलवर मिळतं’ हेही ऐकलं. मिळतं, पण कुठलं? कंपनीनं आज जे ठेवलं असेल ते, बहुतेक वेळा शेवटचं रीमास्टर. उद्या बदललं तर कुणी कळवत नाही. एक गंमत मात्र सांगायला हवी. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी आता सगळ्या गाण्यांची पातळी आपोआप एकसारखी केली जाते, मोठ्यानं वाजणारं गाणं खाली उतरवलं जातं. म्हणजे ज्या दणक्यासाठी टोकं कापली तो दणका गेला आणि कापलेली टोकं तशीच राहिली.

‘परदेशी गोंगाट आपल्या वाचनालयात कशाला’ असंही कुणी म्हणेल. गावाकडे सप्ताहात मी साऊंडवाल्याशेजारी बसलेलो आहे. महाराज आवाज खाली आणून, जवळजवळ पुटपुटत, एक ओळ म्हणतात, मंडपातला माणूस पुढे झुकतो. आणि मग पखवाजाची थाप आणि साठ टाळकरी एकदम. साऊंडवाल्यानं पुटपुटणं ऐकू येत नाही म्हणून बटण पिरगाळलं की पुढच्या थापेला कर्णे फाटतात, आणि मग तो सगळंच एका पातळीला बांधून टाकतो. माणसं मागे टेकून बसतात. कीर्तन चालूच असतं. ज्या कपाटात रॉक आहे त्याच कपाटात आपल्याकडे जुन्या नाट्यपदांच्या सीडीही आहेत, ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून काढलेल्या. त्यांच्याही नव्या आवृत्त्यांत खरखर पुसता पुसता गाणाऱ्याच्या मागची तंबोऱ्याची आस पुसली गेली आहे. हाच नियम पुढच्या वर्षी त्यांनाही लागणार.

मागण्या अशा:

निर्लेखनाला तात्काळ स्थगिती द्यावी आणि दोन्ही पोती उघडून सीडी पुन्हा उभ्या लावाव्यात.

प्रत्येक सीडी स्वतंत्र आवृत्ती म्हणून दाखल नोंदवहीत चढवावी. शीर्षकाबरोबर कड्यावरचा क्रमांक, देश, वर्ष आणि छापलेलं असेल तर मास्टरिंग करणाऱ्याचं नाव.

संगणकावरच्या प्रती फ्लॅकमध्ये, म्हणजे सीडीवरचं काहीही न गाळता साठवणाऱ्या फाइलीत, आवाजाला हात न लावता पुन्हा काढाव्यात. ६१२ सीडींना दोनशे जीबीच्या आसपास जागा लागेल. एक साधी हार्ड डिस्क पुरून उरते.

श्राव्य कक्षातल्या संगणकावरचा बेस बूस्ट बंद करावा. ही मागणी आजच पूर्ण होऊ शकते, बटण खाली उजवीकडे आहे.

आणि इतकं करूनही काही सीडी काढायच्याच ठरल्या तर भंगाराआधी सरांच्या मुलीला आणि मग सभासदांना विचारावं.

नोंदीचं आणि प्रती काढायचं काम मी फुकट करीन. रोज दोन तास, अभ्यासिकेच्या पोरांना त्रास न देता. एक सीडी प्लेअर माझ्याकडे पडून आहे, लेन्स साफ करून आणून देतो. तोच, १९८८ चा. सरांच्या घरून आला तेव्हापासून वापरात नाही, पण मागच्या रविवारी लावून बघितला, ठोका ऐकू येतो.

सोमवारी सकाळी अकरा वाजता मी येतो आहे. मंडळापैकी कुणाही एका सदस्यानं अर्धा तास द्यावा: एक गाणं, तीन सीडी, पातळी सारखी केलेली, आणि कुठली कुठली आहे ते मी आधी सांगणार नाही. पाठमोरं बसायचं.

तोवर एक विनंती. जार भरायला येणारा पोरगा रिकामा जार त्या पोत्यांवर ठेवतो. त्याला सांगावं.

आपला,
सभासद आणि टेप-रेडिओ दुरुस्ती करणारा,
पैठण गेट, छत्रपती संभाजीनगर